सरळ केलेला ओठ

मी एक जुना कागदी मुखवटा आहे. एके काळी मी दिसायला देखणा होतो, सोनेरी रंगाचा, दोन्ही डोळे अगदी एकसारखे. आणि मित्रांनो, मला याचीच लाज वाटते. का, ते सांगतो. ऐकून मला नावं ठेवलीत तरी चालेल.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. त्या घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेत प्राचीन इजिप्तमधल्या ममींचा, म्हणजे जपून ठेवलेल्या मृतदेहांचा धडा सुरू झाला आणि तो काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. तिची आत्या नर्स होती. ती म्हणाली, "पुस्तक मिट आधी. हात धुऊन ये."

मग जुन्या बँडेजच्या पट्ट्यांत एक बाहुली गुंडाळली गेली. सफरचंदाची एक फोड मीठ आणि सोड्यात पुरून ठेवली. आठवड्याने ती काढली तर चामड्यासारखी सुकलेली. "पाणी गेलं की कुजणं थांबतं, कळलं?" आत्या म्हणाली. भिंगरीला ते असं कळलं की ती भेटेल त्याला ती फोड दाखवत सुटली.

शेवटी ममीच्या तोंडावरच्या मुखवट्याची पाळी आली. फुगा फुगवून त्याच्यावर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या.

"पण मुखवटा कशाला लागायचा त्यांना?" भिंगरीने विचारलं.

"त्यांना वाटायचं, आत्मा फिरून परत येतो. आल्यावर त्याला आपला चेहरा ओळखू यायला नको?"

भिंगरी एका जागी बसली. त्या घरात हे रोज घडत नसे. मग तिने खाली मान घालून मला घडवलं. माझा एक डोळा मोठा केला, दुसरा अर्धा मिटलेला. ओठ डावीकडे पार खाली उतरवला. चारच महिन्यांपूर्वी तिचे आजोबा गेले होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा चेहरा असाच झाला होता, आणि भिंगरीला आठवत होता तो हाच चेहरा. तसा फोटो एकही नव्हता, कारण आजोबांनी तो कधी काढूच दिला नाही. तो चेहरा आता फक्त माझ्याजवळ होता. आत्याने मला बघितलं, भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती कामावर गेली.

भिंगरीचे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानाची पाटी केसभर तिरकी दिसली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं. भिंगरी खेळायला गेलेली असताना त्यांची नजर माझ्यावर पडली. पोरीचं हसं व्हायला नको, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी मला पुट्टी लावली, पॉलिश पेपर मारला, डोळे सारखे केले, ओठ सरळ केला आणि वर सोनेरी रंग दिला.

मला ओरडता येत नव्हतं हे खरं. पण येत असतं तरी मी ओरडलो नसतो. मला ते सगळं आवडत होतं.

सकाळी बाबांनीच मला शाळेत पोचवलं, आणि भिंगरीने मला तिथेच पाहिलं. प्रदर्शनात माझ्यापुढे गर्दी झाली. मी नुसता फुगलो होतो. बाईंनी विचारलं, "डोळे तूच काढलेस?" बाबा पलीकडेच उभे होते. भिंगरी "हो" म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. पहिलं बक्षीस मला मिळालं, आणि ती माझ्याकडे एकदाही बघेना.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अगं, बक्षीस मिळालं ना? मग तोंड का उतरलंय?"

"ते आजोबा होते, बाबा. त्यांचा ओठ होता तो. तू सरळ केलास."

बाबांनी मला उचलून हातात घेतलं. तो ओठ त्यांनी तीन वर्षं रोज स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि त्यांनाच तो ओळखू आला नव्हता. त्यांनी पॉलिश पेपर घेऊन मला घासायला सुरुवात केली. रंग निघाला, पुट्टी निघाली, आणि गालावर कागद फाटला. आजोबा काही निघाले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः खळ शिजवली आणि फुगा फुगवून तिच्यापुढे ठेवला. भिंगरी पट्टी हातात धरून नुसतीच बसून राहिली.

"आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही," ती म्हणाली. "सारखा तू केलेलाच डोळ्यांपुढे येतो."

बाबा स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. एक डोळा अर्धा मिटला, ओठ डावीकडे खाली सोडला आणि तसल्याच तोंडाने बोबडं बोलले, "हं. बघ माझ्याकडे. कर सुरू."

दीड तास ते तसेच बसले. ओठाच्या कडेने लाळ आली, ती भिंगरीने बाहीने पुसली आणि पुढची पट्टी लावली. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमचा हात सफाईदार होईल. एखाद्या लहानाने केलेलं वाकडंतिकडं काही समोर दिसेल आणि ब्रश उचलावासा वाटेल. त्याआधी एवढंच विचारा, "हे कोण आहे?" माझ्या वेळी हे कुणी विचारलं नाही. आणि कुणी विचारू नये, असंच मला वाटत होतं.