महिपतीचं गाऱ्हाणं

वैशाखात घराची कौलं चाळताना महिपती वळचणीवरून खाली आला, तो सरळ डोक्यावर. मुंबईच्या इस्पितळात दोन महिने काढून तो वाडीत परतला तेव्हा पाय चालत होते आणि उजवा हात मनात आलं तर चालत होता. शब्दांचं मात्र विचित्र झालं होतं. ते गेले नव्हते, सगळे आत जागच्या जागी होते; पण आठवड्याच्या बाजाराला एसटीच्या दारात होते तशी त्यांची दारात गर्दी व्हायची, आणि नेमका हवा तो मागे राहायचा.

पोलादपूरच्या वरच्या अंगाची ती वाडी, बावीस उंबरे. माणसं इतकी मायाळू की अडलेल्याला हात दिल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. महिपती शब्दाला अडला की जवळ असेल तो शब्द पुरवायचा. पूर्वी महिपती बोलायला लागला की लोकांना शेतावरची कामं आठवायची. आता सगळे थांबायचे आणि त्याच्या वाटचं बोलून मगच जायचे.

मार्गशीर्षातली गोष्ट. ओट्यावर बसलेला महिपती गोठ्याकडे बोट करून म्हणाला, “ती... ती...”

“तंबाखू!” धाकटा चुलत भाऊ मोरू म्हणाला आणि त्याने तंबाखू मळून दिली. महिपतीने मान हलवली. मग पाणी आलं, पाठीला उशी आली, ऊन लागत असेल म्हणून बाज सावलीत गेली. बाजेसकट महिपतीही गेला. त्याला सांगायचं होतं की म्हैस सुटली आहे. तिने मोरूचाच वाल अर्धाअधिक खाल्ला, आणि वर मोरू त्याला म्हणाला, “दादा, तू इथंच बसला व्हतास ना? सांगायचं नाय?”

महिपतीकडे या वाक्याला उत्तर होतं आणि तेही दारापर्यंत आलं होतं. पण ते चांगलं नव्हतं, म्हणून त्याने मागे घेतलं.

दर महिन्याला महाडहून निशिगंधा यायची. डोक्याला मार लागून वाचलेली माणसं घरी परतल्यावर कशी सावरतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. दोन तालुक्यांत मिळून तिच्या वहीत तीसेक माणसं होती. बरीचशी मोटारसायकलवरून पडलेली, काही आंब्यावरून आलेली. कौलांवरून आलेला महिपती एकटा, त्यामुळे वाडीला त्याचा जरा अभिमानही होता.

ती चित्रांची पानं दाखवायची आणि नाव सुचायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायची. विळीचं चित्र आलं. महिपतीने डोळे मिटले. शब्द येत होता, उंबऱ्याला पाय लागला होता.

“विळी!” दारातून मोरू.

निशिगंधाने वहीत लिहिलं.

“काय लिवलंव ताई?”

“विळी, मोरूभाऊ, अर्धा सेकंद. तुमचा मेंदू उत्तम आहे. गेल्या महिन्यातही उत्तमच होता.”

मोरू खूश झाला. महिपतीची बायको चंद्राबाई मात्र चूल सोडून बाहेर आली. “म्हंजे ह्यांची परीक्षा मोरूभावजी देतात?”

“काकी, अख्खी वाडी देते. काकांना शब्द शोधायला वेळ लागतो, पण तो शोधण्यातच सुधारणा असते. तुम्ही आधीच हातात दिलात तर ते शोधणार कशाला? मनातल्या मनात दहा मोजा. तोवर गप्प बसायचं.”

“धा?” मोरू म्हणाला. “धापरेंत गप बसला तर मानूस आजारी नाय पडणार?”

शिमगा जवळ आला तसं महिपतीचं जेवण कमी झालं. ग्रामदेवी सोमजाईची पालखी देवळातून निघण्याआधी तिच्यापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे साऱ्या वाडीचं मागणं देवीला सांगायचा, मान त्याच्या घराचा. बापाने घातलं, आज्याने घातलं, त्याने स्वतः एकवीस शिमगे घातलं. घर पडलं असतं तर पुन्हा बांधता आलं असतं. पण हा मान जिवंतपणी दुसऱ्याच्या तोंडी गेला, तर ओट्यावर बसून राहण्याखेरीज त्याला वाडीत काम उरणार नव्हतं. निशिगंधाला त्याने खुणेने विचारलं, जमेल का? ती खोटं बोलली नाही. “पाठ असलेलं, तालातलं कधी कधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं, काका. पण नवीन बोलायची वेळ आली की अडेल. किती, ते मला सांगता येणार नाही.”

आणि गाऱ्हाण्यात शेवटी नवीन असतंच. त्या वर्षाचं मागणं त्या वर्षी सुचावं लागतं.

देवळात बैठक बसली. सगळ्यांत वडील रावजीतात्या. त्यांनी विचारलं, “महिपती, तुझा काय विचार?”

महिपती उठून उभा राहिला. “मी... म्हणणार...”

“नाय,” मोरूने पुरवलं. “मी म्हणणार नाय, असं म्हणतोय दादा. बरोबर हाय, त्याला तरास नको. मी घालतो.”

त्यात काही कपट नव्हतं. विळीसारखंच ते आपोआप तोंडातून पडलं होतं. माना डोलल्या, कोणी हळहळलं, आणि एकवीस वर्षांचा मान एवढ्या वेळात खांदा बदलून गेला. महिपतीने डावा हात खांबावर आपटला. तोंड उघडलं, पण आता तर आत सगळेच शब्द एकदम उठले होते.

बायकांच्या बाजूने चंद्राबाई उभी राहिली. देवळातल्या बैठकीत बाई बोलायची रीत नव्हती; तिने ती तिथल्या तिथे मोडली. “थांबा. त्यांचं झालं नाय. धा मोजा.”

वाडीने ऐकलं. माणसं चांगलीच, बावीस उंबऱ्यांनी एका सुरात, खड्या आवाजात मोजायला सुरुवात केली, “एक! दोन! तीन!” त्या गजरात धडधाकट माणसालाही आपलं नाव आठवलं नसतं.

“मनात गो बायांनो! मनात मोजा रे!” चंद्राबाई ओरडली.

देऊळ चिडीचूप झालं. ओठ तेवढे हलत होते.

“मी,” महिपती म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “म्हणणार.” आणि पुढे “नाय” न लावताच तो खाली बसला.

पालखीच्या दिवशी सकाळी निशिगंधाही आली. घड्याळ तिने पिशवीतच ठेवलं. महिपती देवीपुढे उभा राहिला, हात जोडले, म्हणजे डाव्याने उजवा उचलून जोडला.

“आये सोमजाई, तुज्या पायाशी बावीस उंबऱ्यांची लेकरं उबी हायत...”

“व्हय म्हाराजा!” वाडीने साथ दिली.

पाठ होतं ते पाण्यासारखं आलं. पोराबाळांचं आलं, गुराढोरांचं आलं, मुंबईला पोट भरायला गेलेल्यांचं आलं. चंद्राबाईने डोळ्यांना पदर लावला. आणि मग पाठ संपलं.

महिपती थांबला.

गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. ते चालू असताना “व्हय म्हाराजा”शिवाय दुसरा शब्द कोणी काढायचा नसतो. जो मध्ये बोलेल, त्याच्या माथी दोष. दहा झाले, वीस झाले. मोरूच्या पोटात किमान सात मागणी तयार होती. ती बाहेर पडू नयेत म्हणून त्याने खांद्यावरचा पंचा दातांत धरला. पडल्यापासून पहिल्यांदाच महिपतीला एवढी मोठी, रिकामी, स्वतःची अशी जागा मिळाली होती. तिच्यात तो चाचपडत हिंडला. घाई नव्हती. एकेक शब्द उचलून पाहिला, नको तो ठेवला.

“आये,” तो म्हणाला, “ह्या माज्या मान्सांना... मी बोलताना... दम धरायची... बुद्धी दे.”

क्षणभर वाडी गोंधळली. हे मागणं आहे की तक्रार? पण देवीपुढे उत्तर तर एकच द्यायचं असतं. मोरूने तोंडातून पंचा काढला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला, “व्हय म्हाराजा!”

ढोल वाजला, पालखी उठली. पुढच्या खांद्याला मोरू होता. दोन घरं झाली असतील, तोच महिपती लगबगीने पुढे आला आणि त्याने पालखीचा दांडा धरला.

“मोरू... डों...”

महाडकडच्या तळीये गावावर दरड आली त्या वर्षापासून या वाडीसकट आसपासच्या वाड्यांनी आपापल्या गाऱ्हाण्यात एक ओळ घातली होती. डोंगर जाग्यावर राहू दे, एवढीच. जुन्या पाठात ती नव्हती, म्हणून आज ती महिपतीच्या तोंडून निसटली होती.

मोरूला पहिल्या अक्षरालाच सगळं कळलं. शब्द त्याच्या दातांमागे येऊन उभा राहिला. खांद्यावर दांडा रुतत होता, मागचे भोई “काय झालं रे?” करत होते, ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला होता. मोरूच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्याचे ओठ हलू लागले. चार, पाच, सहा.

“डोंगर...” महिपती म्हणाला. “डोंगर राहिला... सांगायचा.”

“आता बोललास,” मोरूने श्वास सोडला, आणि मागे वळून हाक दिली, “फिरवा रे! दादाचं झालं नाय अजून.”

एकदा निघालेली पालखी माघारी नेत नाहीत. नेली.