दाराबाहेरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे, पण वाऱ्यासाठी मला कुणी ठेवलेलं नाही. माझं एक पातं वाकडं आहे, त्यामुळे मी घरघर फार करतो. त्याच गुणावर मला नोकरी मिळाली.

मूळचा मी एका शिंप्याच्या घरचा. एक खोली, पाच माणसं आणि पातळ भिंती. एकाचं रडणं साऱ्या मजल्याला कळायचं. त्याची धाकटी लेक माझ्यासमोर बसून अभ्यास करायची. ती मानसशास्त्रज्ञ झाली आणि तिने मला आपल्या खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. आतलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

आत कोण कोण येऊन गेलं! झोप उडालेला प्राध्यापक, नवऱ्यापाठोपाठ आपला देश सोडून इथे आलेली सून, रात्रपाळीची नर्स. “ह्या खटाऱ्यामुळे मोकळं रडता आलं, बाई,” नर्स जाताना म्हणाली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

बाई कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. बाहेर बसलेल्या दुसऱ्याला ते कळू नये म्हणून. मला बंद करायचं, दार उघडायचं आणि हळूच म्हणायचं, “या.”

एकदा छापखान्यात चाळीस वर्षं काढलेले आजोबा आले. यंत्रांपायी त्यांना कमी ऐकू यायचं. दारातून न दिसणाऱ्या, वळणापलीकडच्या बाकावर लेकीने त्यांना बसवलं.

“बाबा, आई गेल्यापासून धड जेवला नाहीत. माझ्याशी नाही, तर निदान यांच्याशी बोला.”

“तू जा कामाला. बोलतो मी.”

ती गेल्यावर ते पुटपुटत तयारी करू लागले, “तिला दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला…”

बाईंनी दार उघडलं. आधीच्या माणसाचं दुःख अजून त्यांच्या मनात होतं. मला बंद करायचं राहून गेलं. “या,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, “या.” मी थांबण्यासाठी जिवाचा आटापिटा केला, पण बटण माझ्या हातात नाही. पहिल्यांदा येणारे पुष्कळदा येतच नाहीत, मागे लागलं की बुजतात, असा बाईंचा अनुभव. कुणी आलंच नाही असं समजून त्यांनी दार लावून घेतलं.

आजोबा अर्धा तास बसले. “वेळ नसेल त्यांना,” असं म्हणून जिना उतरून गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा बाईंना कळलं. त्या जाऊन त्याच बाकावर बसल्या. नंतर त्यांनी कितीदा तरी बोलावलं. लेकीकडून उत्तर एकच यायचं, “ते म्हणतात, एकदा गेलो होतो.”

मित्रांनो, कुणी बोलायला आलं, तर दारातूनच हाक मारून थांबू नका. चार पावलं चालून त्याच्यासमोर उभे राहा. मला चालता आलं असतं, तर मी गेलो असतो.