नाबोर सावलीत बसायला सांगतो

थोरल्या मुलाची, फिदेन्सियोची, एक खोड क्रेसेन्सियाला मुळीच खपत नव्हती. रेडिओवर धाकट्या भावाचा आवाज आला की हा उठायचा आणि जाता जाता खटका दाबायचा. स्वयंपाकघरात तेच, ट्रकमध्ये तेच, द्राक्षमळ्यात तिच्या टेबलापाशी टांगलेल्या रेडिओचंही तेच. झुरळ दिसलं की चप्पल हाणावी तसं. चाळिशी उलटलेला, मुकादमी करणारा बाप्या, आणि सख्ख्या भावाच्या आवाजाला भितो.

धाकटा नाबोर गेल्या उन्हाळ्यात याच मळ्यात, वेलींच्या ओळीच्या मधोमध पडला, तो उठलाच नाही. त्याआधी वेलींना नुकती पालवी फुटत होती तेव्हा तो खोऱ्यातल्या स्पॅनिश रेडिओवर जाऊन आला होता. तिथली मिरेया रोज परमुलखातून आलेल्या मजुरांशी बोलायची. दाराशी गणवेशातला माणूस आला तर आधी न्यायाधीशाच्या सहीचा कागद मागा, दार न उघडता. औषध मारलेल्या मळ्यात लगेच शिरू नका. या देशात राहायची कागदपत्रं नसली तरी घामाचा दाम तुमचाच. तिला मजुराच्याच तोंडची चार वाक्यं हवी होती, आणि नाबोरला बोलायला कारण लागत नसे.

"भावांनो, डोकं गरगरलं की कात्री ठेवा आणि सावलीत बसा," तो म्हणाला होता. "हा हक्क आहे, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. आमचा मुकादम माझा भाऊच आहे. तरी मी बसणार." आणि हसला होता. ते हसूही रेडिओवाल्यांनी टेपवर तसंच ठेवलं.

माणूस गेला, आवाज राहिला. ऊन तापलं की तो हटकून लागायचा. मळ्यातल्या बाया म्हणायच्या, नाबोर आला, आणि छातीवर क्रूस काढून डोक्याचं फडकं पुढं ओढायच्या. क्रेसेन्सिया टेबलाशी घड निवडून खोक्यात भरत असे. हात थांबत नसत, पण आवाज संपेपर्यंत ती मागं वळून पाहत नसे. मागं कुणी नसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच बघायचं नव्हतं.

यंदा ऐन उन्हाळ्यात आवाज यायचा थांबला. मिरेया बोलायची, गाणी लागायची, नाबोर तेवढा नाही.  रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून क्रेसेन्सिया तडक रेडिओवर गेली, पावाच्या भट्टीमागच्या दोन खोल्यांत. मिरेयानं खुर्ची दिली आणि मान खाली घातली. म्हणाली, तुमच्याच सांगण्यावरून बंद केला की. फिदेन्सियो टोपी हातात धरून आला होता, आईला सोसवत नाही म्हणाला.

क्रेसेन्सिया खुर्चीत बसलीच नाही. उद्यापासून लाव, एवढंच म्हणाली. मिरेयानं चाचरत विचारलं, घरच्यांना एकदा विचारायचं का?

"घर म्हणजे मीच," क्रेसेन्सिया म्हणाली.

सोमवारी वारा असा पडला की पानही हलेना. सावलीचा तंबू नेहमीसारखा रस्त्याच्या कडेला ठोकलेला. सरकारी तपासनीस गाडीतून गेला तर त्याला दिसावा म्हणून तिथं. मजूर भरलेल्या खोक्यांच्या हिशेबानं मजुरी घेणारे, आतल्या ओळींतून एवढं अंतर चालत कोण जाणार? गेल्या उन्हाळ्यातही तंबू तिथंच होता.

ओतिलिया नावाची पोरगी, गावाकडून नुकतीच आलेली, वेलीखाली बसली आणि उठेना. फिदेन्सियो तिच्याकडे चालत गेला. एवढी ओळ संपव, मग जा, म्हणाला. आणि टेबलापाशी टांगलेला रेडिओ बोलला, भावांनो, डोकं गरगरलं की.

कात्र्यांचा आवाज थांबला. पूर्ण ओळीत कुणी हलेना. फिदेन्सियो लांब ढांगा टाकत आला, त्याचा हात खटक्याकडे गेला, तोवर क्रेसेन्सियानं रेडिओवर पंजा ठेवला होता. द्राक्षांच्या रसानं चिकट झालेला पंजा. दोघं तसेच उभे राहिले. नाबोर बोलून हसला. त्या हसण्यानंतर फिदेन्सियोच्या ओठांवर रंग राहिला नाही.

"त्यानं मला सांगितलं होतं गं आई," तो पुटपुटला. "गरगरतंय म्हणाला. मला वाटलं, रेडिओवर बोलला म्हणून मिजास करतोय. म्हटलं, एवढी ओळ संपव. आता रेडिओ बंद असला तरी या ओळीत तो हसतो. तू तरी लावू नकोस."

बायांनी ओतिलियाला दोन्ही बगलांत धरून उठवलं होतं, डोक्यावर पाणी ओतत होत्या. पोरीनं डोळे उघडलेले दिसले, तेव्हाच क्रेसेन्सिया मुलाकडे वळली. आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या वेलीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्या नावानं खोटं बोललास, ते मी पोटात घालीन. पण तो जे बोलून गेला, ते पुसायला निघालास. आणि आत्ता, याच तोंडानं, तेच वाक्य या पोरीला म्हणालास. ऐकू येतो ना तो? मग ऐक. मरेस्तोवर ऐक, मी सोडवणार नाही. जा, तो तंबू उपट आणि खांद्यावर आणून इथं रोव. मालकानं कामावरून काढलं तर माझ्या घरी ताट आहे तुझं. पण सकाळी निघताना रोजच्यासारखा कपाळावर आशीर्वादाचा क्रूस काढून घ्यायला माझ्यापुढं वाकू नकोस, फिदेन्सियो. हा हात आता तुझ्यासाठी उठायचा नाही."