झाकण काढलंत ना?

मी एक काळा कपडा. हात लावून बघा हवं तर, पण झटकू नका. चाळीस वर्षांची धूळ आहे अंगात, आणि तीही जागोजागच्या देवांच्या दारातली.

जन्माने मी नाटकाच्या थिएटरातला पडदा. थिएटर बंद पडलं, पडदे अडगळीत गेले, आणि एका नव्या नवरीने माझा तीन हात लांब तुकडा मागून आणला. तिचा नवरा फोटोग्राफर. त्याचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवर उभी राहणारी लाकडी पेटी. समोरची जागा पेटीच्या मागच्या काचेवर उमटते, पण ती नीट दिसायला अंधार लागतो, म्हणून डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचं. तिने मला दुहेरी शिवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांत जुन्या कोटाची पितळी बटणं घालून घट्ट टाके मारले. "घ्या, आता खुशाल लपा," म्हणाली.

त्याला वेड एकच. माणसं जिथे डोकं टेकतात किंवा नुसती गप्प बसतात, त्या जागांचे फोटो काढायचे. लोक सांगायचे, लग्नकार्यातले फोटो काढ की लेका! हा ऐकेल तर शपथ. कुठे उंच घुमट, कुठे कोपरांनी गुळगुळीत झालेले लाकडी बाक, कुठे झऱ्याकाठचा एक साधा दगड. तो स्वतः देव मानायचा की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. पण नव्या जागी गेला की पहिल्या दिवशी पेटी उघडायचीच नाही, कोपऱ्यात बसून राहायचं, हा त्याचा नेम. ती कंटाळून म्हणायची, "अहो, ती जागा काय पळून जाणारे का?"

दुसरा नेम जास्त कडक होता. फोटोत माणूस नको म्हणजे नको. चुकून कुणी समोर येऊन बसलं, की हा भिंग बंद करून फिल्म सरळ फेकून द्यायचा. माणसं काय, रस्त्यावरही भेटतात, म्हणायचा.

अशा जागांत उजेड कमी. भिंग तीन-तीन मिनिटं उघडं ठेवावं लागे. घड्याळाकडे बघितलं की याचं लक्ष उडायचं, म्हणून मोजायचं काम तिचं. शेजारी स्टुलावर बसून ती एका लयीत एकशे ऐंशीपर्यंत मोजायची. मी पेटीवर पडून ऐकत असे. तेवढी शांतता मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

आता पहिल्या फोटोची गंमत ऐका. डोंगरावरचं दगडी प्रार्थनाघर, आणि दोघं नवी नवी. फिल्म एका चपट्या डब्यात असते, डब्याला सरकतं झाकण असतं. भिंग उघडण्याआधी ते ओढून काढायचं, नाहीतर उजेड आत जाणार कसा? हा पठ्ठ्या नेमकं तेच विसरला! बिचारीने घसा कोरडा होईपर्यंत मोजलं. मग हा झाकण लावायला जातो, तर ते आधीच लागलेलं. तोवर ऊन सरकून गेलं होतं. ती हसता हसता स्टुलावरून पडायची बाकी राहिली. तिथला फोटो राहिला तो राहिलाच.

त्या दिवसापासून प्रत्येक जागी, प्रत्येक फोटोच्या आधी तिचा एकच प्रश्न.

"अहो, झाकण काढलंत ना?"

"काढलं गं बाई, काढलं."

"नक्की?"

पुढे लेक झाली. तिला बसमध्ये माझ्यातच गुंडाळून झोपवलं. लेक मोठी झाली, ह्याचे केस पिकले, माझा रंग विटला. फोटो भिंतींवर लागले, पुस्तकांत छापून आले. मी मात्र एकाही फोटोत नाही. कायम पेटीच्या मागे! खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा. मग किल्ल्या पिठाच्या डब्यात. एके दिवशी लेक दारात आली, तर तिने अगदी आदराने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" लेक मागच्या खोलीत जाऊन रडली. मी तिथेच खुंटीला होतो. तिने माझ्यात तोंड खुपसलं होतं.

त्याच आठवड्यात त्याने पेटी पुसायला घेतली. त्या मापाची एकच फिल्म उरली होती, आणि कंपनीने ती बनवणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"बाबा, आईला घेऊन डोंगरावर? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" लेक म्हणाली.

"तिला मोजता येतंय, तोवर तो पहिला फोटो काढायचाय."

"आणि नाही मोजता आलं तर?"

तो काच पुसत राहिला. शेवटी लेकच गाडी घेऊन आली. पोरगी बोलायला फटकळ, पण मनाने तिच्या आईवर गेलेली.

प्रार्थनाघर होतं तसंच होतं. ह्या वेळी पहिला दिवस नुसतं बसायचा नेमही त्याने मोडला, कारण उद्या तिचं कसं असेल याचा भरवसा नव्हता. दारात पेटी मांडून, माझ्याखाली शिरून त्याने चित्र नीट लावलं. मला त्याचा श्वास कळत होता. तो घाबरला होता. बाहेर येऊन बघतो तर ती थंडीने कुडकुडत होती. त्याने मला पेटीवरून ओढलं आणि तिच्या खांद्यांवर घातलं. मग भिंग उघडलं.

"मोज."

"एक... दोन... तीन..."

मोजत होती हो! लेकीने तोंडावर हात धरला. चाळीसपर्यंत सुरळीत गेलं. एक्केचाळीसला ती उठली आणि मोजत मोजत सरळ आत चालू लागली, मला पांघरूनच. समोर खिडकीखाली पायऱ्या होत्या, त्यातल्या मधल्या पायरीवर जाऊन बसली. बरोबर फोटोच्या मध्ये.

त्याचा हात भिंगाकडे गेला. शेवटची फिल्म गेली, एवढंच माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिने मोजणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. जुन्या, ओळखीच्या नजरेने.

"अहो, झाकण काढलंत ना?"

त्याने खाली पाहिलं. झाकण जिथल्या तिथे होतं. मला तिच्या अंगावर घालायच्या गडबडीत, चाळीस वर्षांनी, हा पुन्हा विसरला होता!

"नाही गं," तो म्हणाला. "राहिलं."

"वेंधळे ते वेंधळेच!" आणि ती हसली, तशीच, पूर्वीसारखी. फिल्म कोरीच्या कोरी शाबूत होती. त्याने भिंग मिटलं, झाकण ओढून काढलं.

"आईला बाजूला घेऊ का?" लेकीने विचारलं.

"राहू दे." त्याने भिंग पुन्हा उघडलं. "तिथूनच मोज गं. सावकाश."

तिने एकपासून सुरुवात केली. एकोणऐंशीनंतर पुन्हा सत्तर आलं, मग पुन्हा सत्तर. तो भिंगावर हात ठेवून उभाच. तिनाची पाच मिनिटं झाली, सात झाली. ती एकशे ऐंशी म्हणाली, तेव्हाच त्याने भिंग बंद केलं.

फोटोत खिडकी जास्तीच्या उजेडाने जळल्यासारखी पांढरी आली आहे. तिचे ओठ पुसट आहेत, कारण ते हलत होते. खांद्यांवर मी, फोटोत पुन्हा काळाकुट्ट, चारही बटणांसकट. लेकीने फोटो पाहून विचारलं, "बाबा, तुमच्या फोटोत माणूस चालत नाही ना?" तो म्हणाला, "पहिला फोटो आहे गं. पहिल्याला सगळं माफ." आणि बायकोचा हात धरून बसून राहिला.

आता पेटी कपाटावर आहे आणि मी तिच्या मांडीवर. ती दिवसभर माझी बटणं चाचपते. मधूनच विचारते, झाकण काढलंत ना, आणि तो हातातलं काम टाकून म्हणतो, "काढलं गं. मोज तू." मग ती मोजू लागते.

तुम्ही कधी आलात, तर माझं एवढं ऐका. ती सत्तरीत अडकली, तर पुढचा आकडा सुचवू नका. तोही सुचवत नाही. स्टूल ओढून घ्या आणि तिचे एकशे ऐंशी होईपर्यंत बसा.