जुनी सर्व्हिस

साताऱ्यातल्या आपल्या सत्कारासाठी आबांना आणायला, सत्कार भरवणाऱ्या भाऊसोंनी लोणंदच्या शिवारात गाडी पाठवली आहे, हे प्रांजलला सांगलीहून येताना उंब्रजजवळ फोनवर कळलं.

आबांनी तिचा खेळ समोर बसून एकदाही पाहिला नव्हता. पाहणार तरी कसे? दिवाळी झाली की तिचे आई-आबा, बनाबाई आणि धुळा, मेंढरं घेऊन म्हसवडकडची वाडी सोडायचे. आज एकाच्या रानात मेंढरं कोंडायला जाळ्याची वाघर लावायची, उद्या दुसऱ्याच्या. पाऊस लागला की परत. टेनिसच्या मोठ्या स्पर्धा नेमक्या त्याच महिन्यांत. प्रांजल सांगलीला मामाकडं वाढली. बिरदेवमामा तिथल्या टेनिस कोर्टाच्या लाल मातीवर पाणी मारायचा, रोलर फिरवायचा. शाळा सुटली की भाचीही तिथंच. कुणाच्या तरी टाकून दिलेल्या रॅकेटनं भिंतीशी खेळता खेळता ती तिथं टेनिस शिकवणाऱ्या माया मॅडमच्या नजरेत भरली आणि तिचं आयुष्यच दुसऱ्या वाटेला लागलं.

आबा येणार, हे ऐकायची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती! स्पर्धा जिंकली की फोनवर आबा विचारायचे, "जिकलीस व्हय? मग आता पुढं काय?" आणि त्यांच्या मागून मेंढरांचा आवाज यायचा. तिला वाटायचं, एकदा, फक्त एकदा त्यांनी बघावं. आणि आता ते येत होते, तर ती खेळ विसरल्यासारखी झाली होती.

गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतल्या तिच्या एका सर्व्हिसचा व्हिडिओ देशभर फिरला. चेंडू उजवीकडं जरा खालीच फेकायचा आणि रॅकेट डोक्यावरून न आणता बाजूनं गरकन फिरवायची, अशी ती सर्व्हिस. टप्पा पडल्यावर चेंडू असा काही बाहेर पळायचा की समोरची मुलगी उभ्या जागी बघत राहायची. कुणी शिकवलेली नव्हती ती. भिंतीशी खेळताना आपसूक आलेली. पण एका बातमीदारानं लिहिलं, धनगराच्या लेकीनं मेंढरं राखताना गोफण फिरवली, त्यातूनच हा फटका जन्मला. झालं! तेव्हापासून तिचं नाव 'गोफण गर्ल'. आबांनी फोनवर पोट धरून हसून घेतलं होतं.

"अगं, गोफण तुला धड धरता तरी येती का? एकदा फिरवली हुतीस, तर धोंडा तुझ्याच आईच्या पाठीत!"

नाव झालं, आणि खांदा दुखायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, की असंच चालू राहिलं तर दोन वर्षांत खांदा संपेल. माया मॅडमनी तिला कोर्टावर उभं करून समजावलं.

"जोर जमिनीतून यायला पाहिजे. पाय, मग कंबर, पाठ, खांदा, आणि शेवटी मनगट. एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तुझ्या सर्व्हिसमध्ये पाय आणि कंबर लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे नुसते उभे राहतात. राबतो एकटा खांदा."

"मग आता?"

"पहिल्यापासून शिकायचं. सहा महिने तरी हरशील. आणि ऐक, जुनी सर्व्हिस एकदाही मारायची नाही. चेष्टेतसुद्धा नाही. शरीराला जुनी वाट फार लवकर सापडते."

ती हरायला लागली. ज्यांची नावं कुणी ऐकली नाहीत अशा मुलींकडून हरली. फोनवर लोक लिहायचे, 'ताई, रील कमी करा, सराव करा.' जाहिरातवाले म्हणायचे, कॅमेऱ्यापुरती एकदाच मारा ना ती गोफण. ती नाही म्हणायची. पण सकाळी कोर्टावर एकटी असली की उजवा हात आपोआप बाजूला झुकायचा, माहेरची वाट दिसल्यासारखा. ती त्याला ओढून जागेवर आणायची. चेंडूवर रॅकेट अशी बसायची की हातालाही कळायचं नाही, तो जुना हलकेपणा तिला झोपेतसुद्धा आठवायचा.

साताऱ्यात कोर्टाबाहेर तिच्याएवढेच उंच फ्लेक्स लागले होते. भाऊसो स्वतः सामोरे आले. वय पन्नाशीचं, पण हाक "प्रांजलताई!"

"ताई, आज सातारकरांना गोफण दावायची बरं का! शाल-नारळ झालं की कराडच्या राणीबरोबर एक सेट. मॅडम, आवं, पोरगी वाळली हो, जरा खाऊ घाला."

"भाऊसो, ती सर्व्हिस बंद आहे, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलंय," माया मॅडम म्हणाल्या.

"व्हय व्हय," असं म्हणत भाऊसो हसत पुढं गेले. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

पहिल्या ओळीतल्या सोफ्यावर आबा बसले होते. नवा फेटा, गळ्यात हार, हात गुडघ्यांवर. सोफ्यात बूड रुतत असल्यानं कडेलाच टेकलेले. लेकीला पाहून ते उठायला लागले, तर भाऊसोंच्या माणसानं त्यांना खाली बसवलं. मग मंचावर बोलावून दोघांच्या हातात एक गोफण दिली. निळ्या नायलॉनच्या दोरीची, दुकानातून तयार करून आणलेली.

आबांनी ती उलटीपालटी केली. "ह्यानं तर कोंबडं बी हाकलायचं न्हाई," ते तिच्या कानाशी म्हणाले. फोटोग्राफर ओरडला, "फिरवा, फिरवा!" दोघं बापलेक हसले, आणि तो फोटो चांगला आला.

"आई कशी हाय?"

"बरी हाय. मेंढरांपाशी कुणीतरी पायजे की. म्हणली, तुमी बघून या आन मला सांगा." मग हळूच, "ती मारशील न्हवं? व्हिडिओतली? मी तेच बघाय आलोय."

तिनं शाल काढून बॅगेत ठेवली आणि ती कोर्टावर उतरली.

राणीशी ती लहानपणापासून खेळत होती आणि कधी हरली नव्हती. आज पहिलीच सर्व्हिस जाळ्यात. दुसरी रेषेच्या पार बाहेर. लोक आधी हसले, चेष्टा वाटली त्यांना. मग पलीकडच्या भिंतीवर बसलेल्या पोरांनी सुरू केलं, "गोफण! गोफण!" बघता बघता सगळं मैदान तेच म्हणायला लागलं. भाऊसो माइकवरून म्हणाले, "ताई आता मूडमध्ये येतायत!"

तिनं पायांकडं लक्ष दिलं. गुडघे, कंबर, पाठ. सगळं समजत होतं, पण वेळेवर एकमेकांना भेटत नव्हतं. मधूनच एखादी सर्व्हिस बसायची, आणि तेव्हा ती खरोखर वेगानं जायची. पण सरळ जायची, कुणाला त्यात काही दिसायचं नाही. प्रत्येक चेंडूआधी तिची नजर सोफ्याकडं जायची. आबा पुढं झुकून बसले होते, आता येईल, आता येईल, असे.

राणी सहा-तीननं जिंकली. गर्दीतला गोंगाट केव्हाच ओसरला होता. निम्मे लोक मिसळीच्या गाडीकडं गेले.

जाळ्याशी हात मिळवताना राणी म्हणाली, "खरं सांग, भवाने, मुद्दाम हरलीस का? घरी सांगू तरी काय? कुणाचा विश्वास बसायचा न्हाई."

"जिंकलीस म्हणून सांग. जिंकलीच आहेस."

"आन तू?"

"मी शिकतेय."

ऊन उतरलं, मांडववाले खुर्च्या रचायला लागले. लोणंदची गाडी फाटकाशी उभी होती. आबा तिथं न जाता कोर्टात आले. चपला त्यांनी कडेला काढून ठेवल्या होत्या. लांबलेल्या सावलीत ते जाळ्याजवळ उभे राहिले.

"आता कोण न्हाई," ते म्हणाले. "एक मार की. माझ्यापुरती. तुझ्या आईला काय सांगू मी?"

चेंडू तिच्या हातातच होता. ती रेषेपाशी गेली. चेंडू वर गेला तो उजवीकडं, जरा खाली, अगदी जिथं जायला हवा तिथं. सगळं अंग त्याच्याकडं वळलं. हाताला, खांद्याला काही सांगावं लागलं नाही.

तिनं हात पुढं करून चेंडू झेलला.

"न्हाई आबा."

"का गं?"

"खांदा जाईल. आता ती मारायचीच न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. पावसाळ्यात तुमी घरी असाल, तवा या सांगलीला. नवी दाखवीन. चांगली."

आबा थोडा वेळ त्या मोकळ्या कोर्टाकडं बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची सवय त्यांना नव्हती.

"व्हय," ते म्हणाले. "पर ही तर बघितलीच न्हाई मी."

त्यांनी चपला घातल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत बसताना हार गळ्यातच होता. काढायचं ध्यानातच राहिलं नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी प्रांजल फाटकाशी उभी होती.

माया मॅडम मागून येऊन तिच्या शेजारी थांबल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"एक मारली असतीस तरी चाललं असतं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बापासाठी एक. एवढ्यानं काही बिघडलं नसतं."

प्रांजल रस्त्याकडंच बघत होती. उजवा खांदा तिनं डाव्या हातानं घट्ट धरला होता. दुखत नव्हता तो आज.

"एकीवर थांबले नसते, मॅडम," ती म्हणाली.