इखबाबाची काळी ओकारी

सोमवारी सकाळी मारुतीच्या पारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. वेचणीचे दिवस, शेतात कापूस फुटून लोंबत होता, आणि अख्खं गाव कामं टाकून एका माणसाची ओकारी बघायला जमलं होतं. नत्थुजी माळी पांढऱ्या तामचिनी ताटावर वाकला, दोनदा उमळला, आणि ताटात पडलं ते बघता बघता काळंकुट्ट झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबांनी ताट उचलून चहूकडे फिरवलं.

"पाहा डोये भरून," बाबा म्हणाले. "हे कोयनेलचं इख. सरकारनं शिशीत भरून देल्लं, म्या ताटात काढून देल्लं."

इख म्हणजे विष. ते काढणारा म्हणून याचं नाव इखबाबा. अकोल्याकडून आठ दिवसांपूर्वी उगवलेला. तेल्हाऱ्यापासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात त्या साली घरोघर हिवतापाच्या खाटा पडल्या होत्या. औषध एकच, कोयनेल, म्हणजे क्विनीन. ते कडू जहर पोटात गेलं की मळमळे, ओकाऱ्या होत, डोकं गरगरे, कानात भुंगा शिरल्यासारखं वाटे. बाबांनी याचा अर्थ सोपा करून सांगितला होता. मळमळते म्हणजे इख चढतं, कान भुणभुणतात म्हणजे इख बोलतं. कोयनेलच्या शिश्या उकिरड्यावर गेल्या आणि बाबांच्या पायाशी नारळांची रास लागली.

मी या गावचा शाळामास्तर. मुळात तापट माणूस, त्यात आठ दिवस हे ताट बघून डोकं उठलेलं. हा हातचलाखी करतो एवढं कळत होतं. काय करतो ते कळत नव्हतं. नुसतं 'खोटं आहे, खोटं आहे' म्हणून ओरडणाऱ्या मास्तरला कोण विचारतो? तरी मी चूप बसलो असतो. पण नत्थुजीच्या मागे रांगेत खुशालराव उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर त्यांची पोरगी जमुना होती.

जमुना माझ्या शाळेतली, दहा वर्षांची, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिचा थोरला भाऊ सहदेव गेल्या साली याच तापात गेला. त्याला कोयनेल दिलं की तो ओकून टाकी. शेवटी आईनंच, दुर्गाबाईनं, ते बंद केलं होतं. तरी दुर्गाबाईच्या मनात एकच बसलं होतं, की आपला पोरगा कोयनेलनं मारला. आता जमुनाही दर घोटाला ओकत होती. बाबांनी तिला कटोरीतला काढा पाजला, ताटाला अंगारा चोळला, आणि पोरीनंही काळं ओकलं. "उद्या ताप येनार नाई," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरंच आला नाही. येणारच नव्हता, तो ताप एक दिवसाआड येणारा होता. शनिवारी आला, सोमवारी आला, आता बुधवारी दुपारी येईल, एवढा हिशेब कुणीही बोटांवर करावा. पण आनंदाच्या वेळी बोटं मोजायला सवड कुणाला असते? पोरगी मात्र सुकून काटकी झाली होती. असे आणखी किती ताप ती काढेल, या विचाराने मला वर्गात बसवेना. मंगळवारी शाळा सोडून मी सायकल काढली आणि तेल्हाऱ्याला डॉक्टर उत्तमरावांकडे गेलो.

पोरगी औषध ओकून टाकते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, औषध देताना पोटात काय होतं? काय असणार, काही नाही. तापात आमच्याकडे लंघनच करतात. ताप उपाशी मरतो अशी सगळ्या वऱ्हाडाची समजूत. जमुना तीन दिवस गरम पाण्यावर होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कोयनेल रिकाम्या पोटी गेलं तर पैलवानही ओकेल, म्हणाले. मी शंभर शिश्या दिल्या, पण लंघनाचं मला एकानंही सांगितलं नाही, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीही एकाला विचारलं नाही. ते जरा वरमले. मग त्यांनी नीट सांगितलं. आधी ज्वारीची पातळ आंबील थोडी थोडी द्यायची, ती पोटात ठरली की औषध, वर संत्र्याची फोड, आणि मग न हलवता पडू द्यायचं. लगेच ओकली तर मला कळवायचं, आपल्या मनानं बंद करायचं नाही. कानातली भुणभुण औषध संपलं की जाते.

हे ऐकून दुर्गाबाई पोरीला औषध देईल? तिच्या डोळ्यांपुढे ते काळं ताट होतं. मी घरी आलो तर ती आमच्याच अंगणात बसली होती, जमुनाचा परकर हातात घेऊन. त्यावर त्या ओकारीचा काळा डाग होता, राख लावून घासला तरी हलत नव्हता. इखाचा डाग जात नाही, असं ती माझ्या बायकोला सांगत होती. सत्यवतीनं अर्धं लिंबू आणलं आणि डागावर चोळलं. डाग फिका पडला आणि बघता बघता गेला.

"असं कसं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"यांच्या धोतरावरचे शाईचे डाग मी असेच काढते," सत्यवती म्हणाली.

शाई! दर दिवाळीनंतर शाळेत मी पोरांकडून शाई करून घेतो. हिरड्याचं पाणी आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, दोन्ही एकत्र आले की काळं. काढ्यात हिरडा आणि अंगाऱ्यात हिराकस, एवढीच त्या सिद्धपुरुषाची सिद्धी. पंधरा वर्षं शाई करणाऱ्या मास्तरला आठ दिवस कळलं नाही, आणि बायकोला एका लिंबात कळलं. माझी मलाच लाज वाटली.

बुधवारी सकाळी मी पारावर जाऊन रांगेत उभा राहिलो. मास्तर शरण आला म्हणून बाबांची कळी खुलली. काढा तोंडात घेतला तो तुरटजहाल. गिळला नाही, सरळ त्यांच्या ताटात थुंकलो. काळं झालं.

"किती इख होतं पाहा मास्तराच्या आंगात," बाबा लोकांना म्हणाले.

"बाबा, मी जन्मात कोयनेल घेतलं नाही."

बाबा क्षणभरही अडखळले नाहीत. "तुया बापानं घेतलं असंन. वंशात उतरते ते."

लोक हसले, पण बाबांना नाही, मला. मग मी कटोरीतल्या उरलेल्या काढ्यात त्यांच्या बटव्यातला चिमूटभर अंगारा टाकला. कुणाच्या पोटात गेला नाही, कुणी ओकलं नाही, तरी कटोरीतल्या कटोरीत काढा काळा झाला. खिशातून बोरू आणि कागद काढला, कटोरीत बोरू बुडवला आणि लिहिलं, जमुना खुशालराव. कागद खुशालरावांच्या हातात दिला. खुशालरावांना अक्षर येत नव्हतं, पण शाई ओळखायला अक्षर कशाला लागतं?

"बाबा, बटवा मोकया करा," ते म्हणाले. बाबांनी केला नाही. त्यांना एकाएकी शेगावची गाडी आठवली, नारळ तिथंच राहिले.

बुधवारी दुपारी जमुनाला ताप आलाच. तो उतरल्यावर दुर्गाबाईनं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आधी आंबील दिली, मग मी तेल्हाऱ्याहून आणलेलं औषध, मग संत्र्याची फोड, आणि तासभर हात धरून बसली. पोरीला उमळलं, पण ठरलं. शुक्रवारी हिव आलं ते थोडंच. रविवारी दुपार झाली, ऊन कललं, गाईगुरं परत आली, तरी आलं नाही. कान भुणभुणतात म्हणून पोरगी रडली, तेव्हा तिची आईच म्हणाली, राहू दे, औषध काम करून राहिलं.

त्या संध्याकाळी दुर्गाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "मास्तर, एक विचारू? माया सहदेवाले अर्धी वाटी आंबील देल्ली असती, तर?"

खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. शेवटी म्हटलं, "तुमाले कोणी सांगितलं नाई, दुर्गाबाई. मी भिंतीपलीकडे होतो. मी पण विचारलं नाई."

बाबाला मी शिव्या देतो, अजूनही देतो. पण सहदेव गेला तेव्हा गावात कोणताच बाबा नव्हता. मळमळ का होते हे डॉक्टरनं सांगितलं नाही, घरच्यांनी विचारलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पुढच्या साली एक भामटा ताट घेऊन येऊन बसला. म्हणून माझं मागणं एवढंच आहे. बाबा ताट पुढे करील तेव्हा विचारा, अंगाऱ्यात काय आहे. आणि डॉक्टर शिशी पुढे करील तेव्हाही विचारा, हे जेवणाआधी की नंतर, आणि ओकारी झाली तर काय करायचं. विचारायला लाजू नका. आमच्या शेजारच्या घरात ते एकदा विचारायचं राहून गेलं होतं.