बिननावाचं सोनं

गेर्नोटने नाणं डबीतून काढलं, कडेला धरून तराजूवर ठेवलं आणि आकडा स्थिरावायची वाट पाहत राहिला. वजन बरोबर होतं. त्याचं लक्ष मात्र रिकाम्या डबीकडे होतं. पारदर्शक प्लास्टिकच्या त्या गोल डबीच्या तळाला त्याच्या वडिलांच्या दुकानाचा शिक्का होता, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मावशीने पाठवलंय," काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. "प्रामबेर्गर. तिला आता इथवर येववत नाही."

त्याचं नाव क्लेमेन्स. चाळिशी ओलांडलेला, उंच, बोलायला मऊ. उन्हाळ्यात लिन्झच्या कारखान्यातली नोकरी गेली आणि तो मावशीची काळजी घ्यायला तिच्या घरी राहायला आला, असं त्याने आपणहून सांगितलं. पैसे घेतले, टोपी चढवली आणि जाताना दार हलकेच लावून गेला.

ओटिली प्रामबेर्गर या जन्मभर सुईण होत्या. श्टायर गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती, खुद्द गेर्नोटसुद्धा. दर नाताळच्या आधी त्या दुकानात यायच्या आणि एक औंसाचं नाणं घ्यायच्या, एका बाजूला ऑर्गनच्या नळ्या आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन असलेलं. पैसे रोख, नाव कुठेच नाही. एवढ्या खरेदीला नाव सांगावं लागत नाही, म्हणून तर लोक सोन्याकडे वळतात. बँकेला ठाऊक नाही, सरकारला नाही, नातेवाइकांना तर नाहीच. ठाऊक असतं फक्त विकणाऱ्याला. बाई नाणं उजेडाकडे धरून म्हणायच्या, "हे मी विकायला आणलं ना, तर समज, मला वेड लागलंय."

ऑक्टोबरात क्लेमेन्स पुन्हा आला. पुन्हा एकच नाणं, तसलीच डबी. त्या शनिवारी गेर्नोट दुकान लवकर बंद करून, खसखशीचा केक घेऊन टेकडीवरच्या त्या घरी गेला.

क्लेमेन्स अंगणात लाकडं फोडत होता. गेर्नोटला पाहून आनंद झाल्यासारखा तो हसला. दाराला नवं कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात होती. टेलिफोन बिघडलाय, तो म्हणाला, दुरुस्तीवाले येतो म्हणतात आणि येत नाहीत. स्वयंपाकघरात चूल छान पेटलेली होती. बाई खिडकीपाशी शाल पांघरून बसल्या होत्या. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. फक्त हात पूर्वीपेक्षा निम्मे झाले होते.

क्लेमेन्स कॉफीसाठी तळघरातून दूध आणायला गेला. त्याची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत बाई थांबल्या.

"नीट ऐक. त्याला वाटतंय, ढीगभर आहे. बाकीचं मी केव्हाच देऊन टाकलं, उरलंय एकच."

"कुठे ठेवलंय?"

"ते तुला कशाला? मी एक काढून दिलं की महिनाभर घर गरम राहतं, डॉक्टर येतो, जेवायला मिळतं. त्यानेही शोधून पाहिलंय, पण सापडेना, म्हणून मला जपतोय. तो तुला विचारेल. पुष्कळ आहे म्हण."

"पोलिसांना सांगतो मी."

"आणि ते आल्यावर मी काय सांगू? तो मारत नाही रे मला."

जिना पुन्हा वाजला. बाई लगेच जर्दाळूच्या मुरंब्याबद्दल बोलू लागल्या. यंदा साखर कमी पडली, तुझ्या आईला असला चालायचा नाही.

निघताना क्लेमेन्स त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. धुकं नदीवरून वर चढत होतं. एका वाक्यात, हवापाण्याची चौकशी करावी तसं त्याने विचारलं, मावशीने इतक्या वर्षांत एकूण घेतलं तरी किती असेल? गेर्नोटने गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं.

"पुष्कळ," तो म्हणाला. "मोजलं नाही कधी."

क्लेमेन्सने समाधानाने मान हलवली. मग तिला एकटं टाकून चालायचं नाही, तो म्हणाला.

सोमवारी गेर्नोट पोलिसांकडे गेलाच. दोघे जण जाऊन आले. बाईंनी त्यांना कॉफी पाजली, भाचा देवासारखा आहे म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या एकाला तो पायाळू जन्मला होता याची आठवण करून दिली. तक्रार नव्हती, तेव्हा करण्यासारखंही काही नव्हतं.

नोव्हेंबरात ते शेवटचं नाणंही आलं. क्लेमेन्स गेल्यावर गेर्नोटने दाराला कडी घातली. मग आतल्या खोलीत जाऊन त्याने वडिलांच्या जुन्या, शिक्क्याच्या डब्यांची पेटी शोधून काढली. त्यातली एक पुसून घेतली, गल्ल्यामागच्या कप्प्यातलं एक नाणं तिच्यात बसवलं आणि पुन्हा एक केक विकत घेऊन टेकडीवरचं घर गाठलं. बाईंना निरोपाचा हात देताना डबी त्याने त्यांच्या तळव्यात सरकवली. त्यांची बोटं लगेच मिटली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. चाळीस वर्षं बाळंतिणींसमोर त्यांनी तो चेहरा सांभाळला होता.

परतताना गेर्नोटला हलकं वाटलं. हिवाळा तरी निघेल, त्याने हिशेब केला. तोवर काहीतरी सुचेल.

डिसेंबरात बर्फ पडलं. दुकानात भेटवस्तूंसाठी गर्दी होती. ती ओसरेपर्यंत क्लेमेन्स कोपऱ्यात शांतपणे उभा राहिला. मग पुढे येऊन त्याने डबी काउंटरवर ठेवली. गेर्नोटने ती ओळखली आणि तराजूकडे हात नेला.

"थांबा," क्लेमेन्स म्हणाला. त्याने डबी उचलून दिव्याखाली धरली, डोळे बारीक केले, नाण्यावर ऑर्गनखाली कोरलेलं साल सावकाश वाचलं. यंदाचं होतं. गेर्नोटने डबीची एवढी काळजी घेतली होती, आणि साल पाहिलंच नव्हतं.

क्लेमेन्स रागावला नाही. मावशी तर वसंतापासून घराबाहेर पडलेली नाही, एवढंच तो म्हणाला. मग त्याने काचेमागच्या कप्प्यांवरून नजर फिरवली, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. घाई कसलीच नव्हती.

"घरी बरी आहे ती," तो म्हणाला. "सूप पिते, झोपते. तसंच राहावं असं तुम्हालाही वाटतं, हे बघून बरं वाटलं मला."

त्याने डबी गेर्नोटच्या हातात दिली, अगदी अलगद.

"जानेवारीत मी दुकानात येऊ, की तुम्ही केक घेऊन येताय?"

दारात एक बाई छत्रीवरचं बर्फ झटकत होती. गेर्नोटने नाणं तराजूवर ठेवलं. आकडा केव्हाच स्थिरावला होता, तरी तो त्याच्याकडे बघत राहिला.

"मीच येईन," तो म्हणाला.